‘पोर नेहमीसारखं नाही’: आईच्या शंकेला वैद्यकात जागा कशी मिळाली

आतून जे वाटतं त्यावर विश्वास ठेवावा का, हा वाद बहुतेक वेळा नोकरी, लग्न, घरखरेदी असल्या निर्णयांवरून होतो. तिथे खरं-खोटं व्हायला वर्षं जातात आणि एवढं होऊनही उत्तर मिळत नाही. आजारी लेकराच्या बाबतीत मात्र उत्तर दोन-चार दिवसांत समोर येतं, म्हणून तिथे हा प्रश्न सर्वांत नीट तपासला गेला आहे. आई म्हणते, “हा आज नेहमीसारखा नाही.” अंगात ताप नसतो, छाती साफ असते, डॉक्टर म्हणतात, “काळजी करू नका.” या दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, याचा वैद्यकातला इतिहास फारसा लांबचा नाही आणि त्यातला महत्त्वाचा भाग १९९० नंतरचा.

बोलता न येणाऱ्या बाळाचं दुखणं हालचालींवरून ओळखण्याची परंपरा अर्थात फार जुनी. काश्यपसंहितेतला वेदनाध्याय याच विषयावर आहे. बाळाचा कान दुखत असेल तर ते हात कानाकडे नेतं, डोकं दुखत असेल तर डोकं हलवत राहतं, अशा खुणा तिथे दिल्या आहेत. घरोघरी ही जाण सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे आली. तिच्यासोबत दृष्टही आली. पोर किरकिर करतंय, अंगावर पीत नाही, हे बायकांना बरोबर दिसायचं, पण कारण दृष्ट ठरायचं आणि मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जायच्या. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके दिल्याचे प्रकार अलीकडेही उघडकीस आले आहेत. अशा घटनेतसुद्धा बाळ आजारी आहे ही घरच्यांची शंका खरीच असते. उपाय घातक, म्हणून शंकाही अडाणी, अशी गल्लत मात्र शिकलेल्या लोकांनी केली. आईच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय दवाखान्यांना लागली त्यामागे ही गल्लत आहे, असं माझं मत आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर आकडे आले. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका भूलतज्ज्ञ महिलेने नवजात बाळासाठी पाच खुणा ठरवून प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायची पद्धत मांडली. तोच आजचा अपगार गुणांक. ‘बाळ बरं दिसतंय’ या मोघम शेऱ्याची जागा आकड्याने घेतली आणि त्यातून असंख्य बाळं वाचली. १९५४ मध्ये एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तज्ज्ञांचे अंदाज आणि साधी संख्याशास्त्रीय सूत्रं समोरासमोर ठेवली. बहुतेक ठिकाणी सूत्रं सरस ठरली किंवा निदान बरोबरीची. पुढच्या दशकांत हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा खरा ठरला आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. फक्त त्याचा रोख कशावर होता ते लक्षात घ्यायला हवं. हाताशी असलेल्या माहितीवरून अंतिम निर्णय कुणी करावा, हा त्याचा प्रश्न होता. जी माहिती अजून कुणी टिपलेलीच नाही, ती आधी कुणाला दिसते, हा प्रश्न त्यात नव्हता.

तो प्रश्न १९८०च्या दशकात पुढे आला. अमेरिकेत आग विझवणाऱ्या पथकांच्या प्रमुखांना संशोधकांनी विचारलं, की इतक्या घाईत पर्याय कसे निवडता? आम्ही पर्याय निवडतच नाही, असं ते म्हणाले. समोरचं दृश्य ओळखीचं वाटतं आणि काय करायचं ते सुचतं. दृश्य ओळखीशी जुळेना की ते माणसं बाहेर काढतात. हेच संशोधन पुढे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात गेलं. तिथल्या अनुभवी परिचारिकांना, सिस्टर लोकांना, जंतुसंसर्ग रक्ताच्या तपासणीआधी कळायचा. कसा, असं विचारलं तर त्या म्हणायच्या, “असंच वाटलं.” नेटाने, एकेक प्रसंग घेऊन विचारल्यावर खुणा निघाल्या: रंग जरासा बदललेला, अंग ढिलं, उठवलं तरी पुरतं न उठणं. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या यादीतल्या काही खुणा तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांत नव्हत्या.

याच सुमाराला सिडनीच्या नैर्ऋत्य भागातल्या एका मोठ्या रुग्णालयात एक निर्णय झाला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही, आणि या सगळ्या इतिहासात मला तो निर्णयच सर्वांत मोलाचा वाटतो.

तोपर्यंत बहुतेक मोठ्या रुग्णालयांत धावून येणारं पथक असायचं, पण ते हृदय बंद पडल्यावर यायचं. जुने केसपेपर पाहिल्यावर लक्षात आलं, की अशा बऱ्याच रुग्णांची तब्येत आधी काही तास ढासळत होती आणि वॉर्डातल्या कुणीतरी ते पाहिलेलंही होतं. म्हणून १९९० मध्ये त्या रुग्णालयाने ठरवलं, की ठरलेल्या खुणा दिसल्या तर वॉर्डातली कोणतीही परिचारिका थेट अतिदक्षता विभागाच्या पथकाला बोलावू शकेल. वॉर्डाच्या डॉक्टरांची परवानगी लागणार नाही. या पद्धतीच्या यादीत आकडे होते. श्वास मिनिटाला पाचपेक्षा कमी किंवा ३६ पेक्षा जास्त, नाडी ४० च्या खाली किंवा १४० च्या वर, वरचा रक्तदाब ९० च्या खाली, शुद्ध अचानक हरपत जाणं, वारंवार झटके. आणि शेवटची ओळ अशा अर्थाची होती: यातलं काहीही नसताना ज्या रुग्णाची तुम्हाला गंभीर काळजी वाटते, असा कोणताही रुग्ण.

ही शेवटची ओळ अनेक डॉक्टरांना पटली नाही. त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. काळजी मोजायची कशी? नवख्या परिचारिकेला सगळ्यांचीच काळजी वाटेल; मग अतिदक्षता विभागातली माणसं रात्रभर वॉर्डांत पळत राहतील आणि तिथले रुग्ण कुणी बघायचे? शिवाय पथक आलं आणि काही निघालं नाही, तर बोलावणारीची नाचक्की होणार, पुढच्या वेळी ती खरी गरज असतानाही गप्प बसणार. आणखी एक आक्षेप होता, तो चारचौघांत कमी बोलला गेला: रुग्ण ज्या डॉक्टरांच्या नावावर दाखल आहे, त्यांना वगळून परिचारिकेने वर जायचं हे रुग्णालयाच्या उतरंडीत बसत नव्हतं.

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. परिचारिकेने रात्री दोनला डॉक्टरांना फोन केला तर पहिला प्रश्न आकड्यांचा येतो. बीपी किती, नाडी किती, ताप किती. सगळं ठीक आहे, पण मला हा माणूस बरा दिसत नाही, असं सांगण्याची सोय त्या फोनवर नसते. म्हणून ती आकडा बिघडण्याची वाट पाहते, आणि तो बिघडतो तेव्हा हातातला वेळ गेलेला असतो. यादीतल्या त्या ओळीने तिला कारण न देता बोलावण्याची परवानगी दिली. ही पद्धत सुरू झाली त्यातल्या अनेक ठिकाणी बोलावण्यांतला मोठा वाटा याच ओळीचा निघाला.

२००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २३ रुग्णालयांत केलेल्या चाचणीचे निकाल आले. १२ रुग्णालयांत अशी पथकं सुरू केली होती, ११ मध्ये नव्हती. पथकं असलेल्या ठिकाणी बोलावणी दर हजार रुग्णांमागे ८.७ झाली, इतरत्र जुन्या पद्धतीच्या पथकांची ३.१ होती. पण अनपेक्षित मृत्यू, हृदय बंद पडणं आणि ऐनवेळी अतिदक्षता विभागात हलवणं, हे सगळं मिळून पाहिलं तर दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. विरोधकांनी हे निकाल अजून हाताशी ठेवले आहेत. समर्थकांनी त्याच आकडेवारीतली दुसरी गोष्ट दाखवली: खुणा दिसत असूनही पुष्कळ रुग्णांसाठी कुणी पथक बोलावलंच नव्हतं. म्हणजे यादी भिंतीवर लागली, पण धाक गेला नाही. माझा कौल समर्थकांकडे आहे. त्या चाचणीने अख्ख्या व्यवस्थेची परीक्षा घेतली. शेवटच्या ओळीची वेगळी परीक्षा झालीच नाही. ती नंतर नेदरलँड्समध्ये झाली. तिथल्या परिचारिका-संशोधकांनी ‘काळजी वाटते’ याचे नऊ घटक वेगळे काढले. श्वास, रक्ताभिसरण, थंडी भरणं, शुद्धीतला बदल, अस्वस्थता, दुखणं, तब्येतीने न घेतलेलं अपेक्षित वळण, ‘मला बरं वाटत नाही’ असं रुग्णाने स्वतः सांगणं, आणि शेवटी परिचारिकेला नुसतंच जाणवणं. त्या शेवटच्या घटकाला त्यांनी वगळलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सिडनीत हे चाललेलं असताना गडचिरोलीत एक काम सुरू होतं, त्यात हाच धागा दुसऱ्या टोकाने सापडतो. १९९३ पासून तिथे नवजात बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला आणि १९९५ पासून ३९ गावांमध्ये गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना घरोघरी जाऊन बाळं तपासायला शिकवलं गेलं. रक्त तपासणं शक्य नव्हतं, एक्सरे नव्हता, जवळ डॉक्टर नव्हता. मग जंतुदोष ओळखायचा कशावरून? ठरवलेल्या लक्षणांमध्ये दोन अशी होती: आधी नीट रडायचं, आता रडणं क्षीण झालं किंवा थांबलं, आधी नीट प्यायचं, आता पिणं कमी झालं किंवा थांबलं.

यातले ‘आधी’ आणि ‘आता’ नीट पाहावेत. बाहेरून आलेल्या माणसाला ‘आता’ दिसतं. ‘आधी’ फक्त आईला माहीत असतं. म्हणजे आईच्या मनात जी पाल चुकचुकते ती कालच्या बाळाशी आजच्या बाळाची केलेली तुलना असते, आणि ती तुलना निदानाच्या यादीत रीतसर लिहिली गेली. गावातल्या बाईने जंतुदोषावर इंजेक्शन द्यावं का, यावर तेव्हा बरंच वादंग झालं. निकाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला होता. २००५ पासून देशात आशा नेमल्या जाऊ लागल्या आणि २०११ पासून त्यांच्याकडे नवजात बाळांच्या गृहभेटी आल्या, पहिल्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत. त्याचं मूळ या गावांत आहे.

यानंतरच्या घडामोडी वेगाने झाल्या. २०१२ मध्ये बेल्जियममधल्या ३,८९० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासणीत ज्यांचा आजार गंभीर वाटला नव्हता अशा ३,३६९ मुलांपैकी सहा जणांना नंतर गंभीर संसर्ग निघाला. तपासणी ठीक असूनही ‘काहीतरी चुकतंय’ असं डॉक्टरांना वाटलं, तेव्हा ते ऐकलं असतं तर सहापैकी दोघं सापडली असती आणि त्यासाठी ४४ मुलांना उगाच पुढे पाठवावं लागलं असतं. डॉक्टरांना असं वाटायला लावणाऱ्या गोष्टींत एक ठळक होती: हा आजार आधीच्या आजारांसारखा नाही, ही आईवडिलांची चिंता. अनुभवी डॉक्टरांना असं कमी वेळा वाटलं, पण त्यांचा अंदाज नवख्यांपेक्षा जास्त खरा ठरला असंही नाही. दोघांसाठी ४४ हा हिशेब जास्त की कमी, यावर डॉक्टरांत एकमत नाही. मला तो मुळीच जास्त वाटत नाही.

आतल्या आवाजाच्या मर्यादा त्याआधीच, २००९ मध्ये, स्पष्ट झाल्या होत्या. अंतःप्रेरणेचा एक अभ्यासक आणि तिच्या चुकांचा एक अभ्यासक, अशा दोन विरुद्ध बाजूंच्या मानसशास्त्रज्ञांनी मिळून एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की जिथे गोष्टी काही नियमाने घडतात आणि आपला अंदाज बरोबर होता की चूक ते लवकर कळतं, तिथेच मनाला खरी ओळख पटायला शिकता येतं. शेअर बाजाराचा उद्याचा भाव यात बसत नाही. रोज हाताळलेलं बाळ बसतं. पहिलटकरणीला ही ओळख पटायला वेळ लागतो, आणि गृहभेटींचा उपयोग तिला सर्वांत जास्त होतो तो यामुळेच.

करोनाने याची उलटी बाजूही दाखवली. २०२०-२१ मध्ये रक्तातला प्राणवायू धोक्याच्या खाली गेलेली माणसं “मला काही होत नाही” म्हणत गप्पा मारत होती. स्वतःच्या शरीराचा अंदाज तिथे साफ फसला. घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि सहा मिनिटं चालून आकडा बघायला सांगितलं गेलं, त्यातून लोक वाचले. त्याच काळात अमेरिकेतल्या अभ्यासातून हेही कळलं, की सावळ्या-काळ्या कातडीवर ते यंत्र प्राणवायू असतो त्यापेक्षा जास्त दाखवण्याची शक्यता अधिक असते. आकडा आणि शंका, दोन्ही चुकतात. पण दोघांच्या चुका सहसा एकाच वेळी आणि एकाच जागी होत नाहीत, म्हणून दोन्ही लागतात.

परदेशात आता हा मुद्दा घरच्यांच्या हक्कापर्यंत आला आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड, तिन्हीकडे त्यामागे एकेका मुलाचा मृत्यू आहे, आणि आईवडील काहीतरी बिघडतंय असं सांगत होते. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये २००५ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात २०१३ मध्ये आणि इंग्लंडमध्ये २०२४ मध्ये १४३ रुग्णालयांपासून सुरुवात करून असे नियम आले. घरच्यांना वाटलं तर वॉर्डाबाहेरच्या डॉक्टरांकडून तातडीची तपासणी मागता येते.

आपल्याकडे २०१८ मध्ये तयार झालेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क आहे. पण दुसरं मत म्हणजे केसपेपर घेऊन दुसऱ्या दवाखान्यात जाणं. रात्री तीनला वॉर्डात पोर निपचित पडलं तर त्याचा काय उपयोग? २०१७ मध्ये केंद्राने आजारी नवजात बाळांच्या कक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आईवडिलांना हात धुऊन, शिकवून आत घ्यावं, बाळाच्या देखभालीत सामील करावं, धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवावं, असं त्यात आहे. जिथे खाटांपेक्षा बाळं जास्त आणि परिचारिका कमी, तिथे आई अजून दाराबाहेरच्या बाकावर असते आणि दूध पाजायच्या वेळी आत बोलावली जाते. बाळाचं ‘आधी’ जिला ठाऊक, तिला ‘आता’ बघायला मिळत नाही. इंग्लंडसारखा नियम आपल्या जिल्हा रुग्णालयांत आणायचा असेल तर पहिलं काम हे दार उघडण्याचं आहे, आणि त्यासाठी परिचारिकांची रिकामी पदं भरावी लागतील.