सेटलमेंट, ‘विमुक्त’ हा शब्द आणि समुपदेशन

सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. सेटलमेंट म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवण्याची वसाहत. अख्ख्या जमातीला जन्मानेच गुन्हेगार धरणारा १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, तारेचं कुंपण, गिरणीतली पाळी आणि रोजची हजेरी हे इथल्या वाचकाला ठाऊक आहे.

३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, माणसं ‘विमुक्त’ झाली. गुंता सुरू झाला तो इथून. १९५९मध्ये मुंबई राज्यात सवयीच्या गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो जमातीला नव्हे, व्यक्तीला लागू होता. पण गावात चोरी झाली की चौकशी आधी कुणाच्या पालावर जाते, हे सर्वांना माहीत आहे. त्यात वर्गवारीचा घोळ. फासेपारधी अनुसूचित जमातीत, राजपारधी विमुक्त जातीत. कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, सोलापुरात विमुक्त जातीत. कॅनडा, ऑस्ट्रेलियात मूलनिवासींसोबत काम करताना वापरली जाणारी दडपशाहीविरोधी समुपदेशनाची रीत, म्हणजे माणसाच्या त्रासामागचा समाजातला अन्यायही पाहणारी रीत, इथे आदिवासींसाठी आणायची आणि ‘आदिवासी’ म्हणजे फक्त अनुसूचित जमात धरायची, तर सेटलमेंटमधली कितीतरी घरं त्यातून सुटतात. ती सुटू नयेत, असं माझं ठाम मत आहे. कारण दुखणं दाखल्यावरच्या प्रवर्गाचं नाही, पिढ्यान्‌पिढ्या अंगावर असलेल्या संशयाचं आहे.

हा संशय समुपदेशनाच्या खोलीत कसा येतो? सेटलमेंटमधली बाई दाराजवळच्या खुर्चीवर बसते. समुपदेशकाने पेन उचललं की पहिला प्रश्न तिचाच: “हे लिवून कुठं जाणार?” अशा वेळी ‘संशयी वृत्ती’ अशी नोंद झालेले केसपेपर मी पाहिले आहेत. तो आजार नव्हे. ज्या घरात आजोबांचं नाव हजेरीच्या वहीत होतं, त्या घरातलं ते शहाणपण आहे. खाकी कपडा दिसला की मूल दचकतं, त्यावरही नुसत्या श्वासाच्या व्यायामाचा उतारा पुरत नाही. ठाण्यात सोबत जाणं, वकील गाठून देणं, दाखल्यासाठी खेटे घालणं हेही समुपदेशकाचंच काम ठरतं.

कायद्याचा आधार अलीकडचा आहे. सामाजिक स्थिती किंवा एखाद्या समूहातलं असणं यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असं २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. जातीवरून उपचारात भेदभाव करण्यासही त्यात मनाई आहे. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असंही बजावलं.

माझ्या ओळखीचे काही समुपदेशक आता लिहिलेलं आधी वाचून दाखवतात. आडनाव शेवटी विचारतात, तेही तिने सांगितलं तरच लिहितात.