निगेटिव्ह डबल (ब्रिज)

कॉन्ट्रॅक्ट ब्रिज या दोन-दोनच्या जोडीने खेळायच्या पत्त्यांच्या खेळात, बोलीतला पार्टनर-पार्टनरमधला एक करार. पार्टनरने एका रंगात ओपनिंग (पहिली बोली) केलं, लगेच पुढच्या प्रतिस्पर्ध्याने दुसऱ्या रंगात ओव्हरकॉल (त्यावरची बोली) टाकला आणि त्यावर रिस्पॉन्डरने, म्हणजे ओपनिंग करणाऱ्याच्या पार्टनरने, डबल म्हटलं, तर तो दंडाचा, म्हणजे समोरच्यांची बोली पाडून जास्त गुण वसूल करायचा, धरायचा नाही. न बोललेल्या रंगांत, त्यातही इस्पिक-बदामात, माझ्याकडे पानं आहेत, थोडे पॉइंटही (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1) आहेत, तू बोल, असा त्याचा अर्थ.

उगमाबद्दल जरा सांभाळून लिहावं लागतं. आजच्या अर्थाने हा डबल अमेरिकेच्या अल्विन रॉथ यांनी टोबायस स्टोन यांच्या जोडीने रूढ केला असं सर्वसाधारणपणे मानतात, साल 1957. पण हे साल येतं कुठून तर टोपणनावावरून, 4 ऑक्टोबर 1957 ला रशियाचा स्पुटनिक वर गेला आणि त्याच सुमाराला ही नवी बोली गाजली म्हणून लोक तिला स्पुटनिक डबल म्हणायला लागले. म्हणजे 1957 हे नाव पडल्याचं साल धरणं जास्त सुरक्षित, कल्पना थोडी आधीची असू शकते. उलट बाजूने, निगेटिव्ह डबल हा शब्द त्याच्या कितीतरी आधीच्या लिखाणात सापडतो म्हणून काही जण उगम ऑक्शन ब्रिजपर्यंत (कॉन्ट्रॅक्टच्या आधीचा खेळ) मागे नेतात ते मात्र पटत नाही, कारण तिथे तो आजच्या टेकआउट डबलसाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या ओपनिंगवर पार्टनरला बोलायला लावणाऱ्या डबलसाठी, वापरलाय. टेकआउट डबल साधारण 1912-13 मध्ये न्यूयॉर्कचे चार्ल्स पॅटन आणि सेंट लुइसचे ब्रायंट मॅककॅम्पबेल यांना वेगवेगळा सुचला असं म्हणतात, आणि कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची, अमेरिकेच्या हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी बसवलेली गुणपद्धतच मुळी 1925 ची.

कल्पनेमागचा हिशोब साधा आहे. एकच्या पातळीवर, म्हणजे सहावर एक हात करायच्या बोलीत, दंड करण्याइतकी हुकमाची लांब, भक्कम पानं हातात येणं दुर्मिळ, आणि चार पानी बदाम घेऊन आठ पॉइंटांवर अडकून बसणं मात्र नेहमीचं. समजा पार्टनर एक चौकट, पुढचा एक इस्पिक, आणि तुमच्याकडे इस्पिक सत्ती-तिर्री, बदाम राजा-राणी-अठ्ठी-चव्वी, चौकट गुलाम-छक्की-दुर्री, किलवर राणी-नव्वी-सत्ती-पंजी. दोन बदाम म्हणायला पाच पानं आणि साधारण दहा पॉइंट लागतात, एक नो ट्रम्पला (हुकमाविना खेळायची बोली) इस्पिकचा अडसर, म्हणजे तो रंग रोखणारं पान, हवा, तो नाही, आणि पास म्हटलं तर बदामचा मेळ कायमचा गेला. इथे डबल. ओव्हरकॉल एक बदाम असेल तर डबल म्हणजे नेमके चार इस्पिक आणि एक इस्पिक म्हटलं तर पाच, ही फोड फार उपयोगी आहे. एकच्या पातळीला सहा पॉइंट पुरतात, दोनला आठेक, तीनला दहाच्या आसपास. किती वरच्या ओव्हरकॉलपर्यंत हे चालवायचं, दोन इस्पिकपर्यंत की त्याहून वर, हे प्रत्येक जोडीने आधी ठरवायचं.

कोकणात दापोली-रत्नागिरीपासून मालवणपर्यंत बरेच जण मेंढीकोटावरून ब्रिजकडे येतात. मेंढीकोटात पार्टनरला खूण केली की गणपतीच्या रात्री ओटीवर भांडण ठरलेलं, त्यामुळे बोलीतून हात सांगायचा हेच आधी गळी उतरत नाही, डबल म्हणजे दंडच वाटतो आणि ओपनर खुशाल पास म्हणतो. दोन इस्पिक डबलमध्ये होऊन गेले की समोरच्यांना 470 गुण, व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेल्या अवस्थेत) असतील तर 670. हा करार गुपितही नाही, प्रतिस्पर्ध्याने विचारलं तर अर्थ सांगावाच लागतो.

खरी अडचण दुसऱ्या अर्ध्या भागात आहे, आणि शिकवताना नेमका तोच राहतो. रिस्पॉन्डरकडे खरोखरच प्रतिस्पर्ध्याचा रंग भरलेला असेल, इस्पिक एक्का-गुलाम-दश्शी-अठ्ठी-पंजी असा, तर त्याने डबल म्हणायचं नाही कारण पार्टनर दुसरी बोली बोलून डबल काढून घेईल, निमूट पास म्हणायचं. मग बोली दोन पास होऊन ओपनरकडे परत येते आणि त्याच्याकडे त्या रंगात दोन किंवा कमी पानं असतील तर साधा हात असला तरी त्यानेच सहसा डबल देऊन बोली उघडी ठेवायची, त्यावर रिस्पॉन्डर परत पास आणि दंड वसूल. व्हल्नरेबल प्रतिस्पर्ध्याला डबलमध्ये बोलीपेक्षा दोन हात कमी पडले तर 500, म्हणजे आपण नॉन-व्हल्नरेबल असताना तीन नो ट्रम्पच्या 400 पेक्षा जास्त. हा परतीचा डबल ओपनरला माहीत नसेल तर त्या जोडीने निगेटिव्ह डबल न खेळलेला बरा. ओपनरकडेच त्या रंगाची लांब पानं असतील तर पार्टनरकडे ती नाहीत हे उघड, तिथे तो पास म्हणू शकतो.

ओव्हरकॉल एक नो ट्रम्पचा असेल तर हे काहीच लागू नाही, तिथला डबल दंडाचाच.