खपली धरली म्हणजे जखम भरली?

चरबीची गाठ काढली, वाढलेला तीळ काढून तपासणीला पाठवला, बोटात रुतलेलं नख कापलं. अशा छोट्या शस्त्रक्रियेनंतर माणूस त्याच दिवशी घरी येतो आणि सल्ले सुरू होतात. पाणी लागू देऊ नकोस, हळद दाब, आंबट खाऊ नकोस. आणि हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'उघडी ठेव, हवेने वाळेल.' यातला सगळ्यात खोल रुजलेला सल्ला हा हवेचाच, आणि तोच उलटा आहे.

1962 मध्ये जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. जखमेच्या कडेच्या पेशी सरकत सरकत मधली मोकळी जागा भरून काढतात आणि त्यांना सरकायला ओलावा लागतो. वर खपली कडक झाली की त्यांना त्या वाळलेल्या थराखालून वाट काढावी लागते. म्हणजे खपली धरणं ही प्रगती नव्हे, अडथळा आहे.

मग लावायचं काय? साधी पेट्रोलियम जेली. 1996 साली अमेरिकेत अशाच छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या नऊशेच्या वर रुग्णांवर ती आणि बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक मलम ताडून पाहिलं गेलं. जंतुसंसर्गात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. मलमाची अ‍ॅलर्जी मात्र चौघांना झाली, जेलीची कुणालाच नाही. आपल्याकडे घरोघरी असणारी अँटिबायोटिक पावडर भुरभुरण्याचा मोहही आवरावा, कारण तिचाच थर होऊन बसतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून घाण निघाली असं वाटतं खरं, पण रक्तातलं आणि पेशींमधलं एक विकर (एन्झाइम) त्याचं विघटन करतं, म्हणून तो फेसाळतो. त्यात नव्या पेशीही भाजून निघतात.

पाण्याची भीतीही अवाजवी. टाके घातलेल्या जखमेच्या कडा एक-दोन दिवसांत वरून सांधल्या जातात. ऑस्ट्रेलियात 857 रुग्णांवर झालेल्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्यांना पहिल्या 48 तासांतही टाके भिजवायची मुभा दिली होती. त्यांच्यात संसर्ग 8.4 टक्के, कोरडे ठेवणाऱ्यांत 8.9 टक्के. तेव्हा डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साबण-पाण्याने हलकेच धुऊन, टिपून, जेली लावून पट्टी बांधावी. तलाव, विहीर, टब मात्र नको. गॉज चिकटलं असेल तर ओढू नका. उकळून गार केलेलं पाणी त्यावर सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा, आपोआप सुटतं. ओढलंत तर नुकतीच आलेली त्वचा त्याच्यासोबत निघते.

पहिले दोन-तीन दिवस कडा लालसर असणं, थोडी सूज, पातळ पिवळसर लस हे सगळं ठीक. ठणका आणि लाली कमी होण्याऐवजी वाढत गेली, तर काळजीचं. लालीच्या कडेने पेनने रेघ ओढून ठेवावी. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली, घट्ट, वास मारणारा पू आला किंवा ताप चढला, तर थेट डॉक्टर गाठावेत. मधुमेहींनी तर वाटच पाहू नये.

आंबट खाल्ल्याने पू होतो, हा समज मजेशीर आहे. जखम सांधणारं कोलॅजन बनवायला क जीवनसत्त्व लागतंच, आणि लिंबू, आवळा, पेरूत ते भरपूर असतं. पथ्य पाळायचंच तर तंबाखू आणि सिगरेटचं पाळा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पडतं.

चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात, पाठीचे-पायाचे दहा ते चौदा. टाके निघाले की सुटलो असं वाटतं, पण तेव्हा त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या दहा टक्क्यांच्या आसपासच असते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, पुढे फारशी वाढत नाही. म्हणून पाठीवरची गाठ काढून पंधरवडाच झाला असेल, तर गॅसचा सिलिंडर दुसऱ्या कुणाला तरी उचलू द्यावा. छाती, खांदा किंवा कानाच्या पाळीवरचा व्रण महिन्या-दोन महिन्यांनी खाजू लागला आणि मूळ जखमेच्या बाहेर फुगत चालला, तर तो केलॉइड असू शकतो. तो लहान असतानाच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलेला बरा.