जुन्या आखाती नोटा : घरातली नोट ओळखावी कशी, किंमत ठरते कशी

लंडनच्या लिलावात शंभर रुपयांची एक हज नोट (हजयात्रेकरूंसाठी काढलेली खास नोट) पन्नास लाखांहून अधिक किमतीला गेल्याची बातमी फोनवर फिरू लागली आणि आमच्या जुन्या नोटांच्या दुकानात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या यायला लागल्या. रत्नागिरी, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा या भागात कुणाचे ना कुणाचे आजोबा, मामा किंवा चुलते कुवेत-बहरीनला होतेच, त्यामुळे घरोघरी परदेशी नोटांचे एखादे पाकीट निघते. त्यातल्या बहुतेक नोटांना फार किंमत नसते. काहींना मात्र असते, आणि ती ओळखता न आल्यामुळे नोट मातीमोल भावाने जाते किंवा धुऊन, इस्त्री करून तिचे नुकसान केले जाते. दोन्ही प्रकार आम्ही पाहिले आहेत, म्हणून हे पत्रक.

आधी आपल्याच रिझर्व्ह बँकेची नोट पाहा

आखाती नोट म्हटले की लोक अरबी अक्षरे शोधतात. आमच्या भागातली सर्वांत मोलाची आखाती नोट मात्र देवनागरीतली असते. १९५९ पर्यंत कुवेत, बहरीन, कतार, दुबई-अबुधाबीकडची संस्थाने आणि ओमान इथे भारतीय रुपयाच चालायचा. तिथे रुपये देऊन सोने घ्यायचे, ते चोरवाटेने मुंबईला उतरवायचे आणि तिकडे साठलेले रुपये पुन्हा रिझर्व्ह बँकेकडे येऊन त्यांच्या बदल्यात पौंड द्यावे लागायचे, असा तो धंदा. परकीय चलनाची ही गळती थांबवण्यासाठी १९५९ च्या मे महिन्यात कायदा बदलून फक्त आखातात चालतील अशा वेगळ्या नोटा काढल्या. त्या भारतात खर्चता येत नव्हत्या.

ओळखायची खूण म्हणजे रंग. चित्र जवळपास नेहमीच्या अशोकस्तंभाच्या नोटेचेच आहे, पण एक रुपया लाल, पाचची नोट नारिंगी, दहाची लाल आणि शंभराची हिरवी. भारतात त्या वेळी पाचची नोट हिरवी आणि दहाची जांभळट होती, म्हणून जुने लोक पटकन ओळखतात. दुसरी खूण क्रमांकाची. क्रमांकाआधी इंग्रजी झेड अक्षर असते. पाच, दहा आणि शंभरावर गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांची सही. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची, त्यामुळे तिच्यावर गव्हर्नरांची सही शोधू नका. एक आणि दहाच्या नोटा तुलनेने अधिक भेटतात. शंभराची चांगल्या अवस्थेतली दिसली तर आम्हीही चहा बाजूला ठेवतो.

हज नोटा

बातमीत होती ती ही. हजयात्रेकरूंनी बरोबर नेऊन सौदी अरेबियात बदलून घ्याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने दहा आणि शंभराच्या खास नोटा काढल्या होत्या. दहाची निळी, शंभराची लाल. क्रमांकाजवळ इंग्रजी एच आणि ए ही अक्षरे असतात आणि वर बँकेच्या नावाच्या दोन्ही बाजूंना ‘हज’ हा शब्द इंग्रजीत छापलेला असतो. मोगल लाइन या जहाज कंपनीच्या बोटीने मुंबईहून जेद्दाला गेलेले कोकणातले हाजी कमी नव्हते. पण या नोटा तिकडे बदलून टाकण्यासाठीच होत्या, घरी परत आणण्यासाठी नव्हत्या, म्हणून त्या दुर्मीळ आहेत. तुमच्याकडे असेल तर दुकानात यायच्या आधी फोन करा. सर्वांदेखत पाकीट उघडायची ती वस्तू नाही.

याच सुमाराची दुसरी वस्तू म्हणजे सौदीची यात्रेकरू पावती. १९५३ पासून सौदीच्या चलन संस्थेने, म्हणजे ‘सामा’ने, यात्रेकरूंना जड चांदीचे रियाल वाहून न्यायला लागू नयेत म्हणून अनेक भाषांत मजकूर असलेल्या दहा रियालच्या पावत्या काढल्या, पुढे पाच आणि एकच्याही. लोकांना त्या इतक्या सोयीच्या वाटल्या की त्या नोटांसारख्याच फिरू लागल्या. सौदीची रीतसर कागदी नोट १९६१ ला आली. पाकिस्ताननेही आपल्या यात्रेकरूंसाठी स्वतःच्या नोटांवर वेगळा शिक्का मारून नोटा काढल्या होत्या. त्या भारतीय हज नोटा समजून कुणी मोठी रक्कम मागत असेल तर थांबा.

त्यानंतरचे देश, थोडक्यात

कुवेतने १ एप्रिल १९६१ ला स्वतःचा दिनार काढला. भाव एका दिनाराला तेरा रुपये तेहतीस पैसे. हा आकडा विचित्र वाटतो, पण तेव्हा एका ब्रिटिश पौंडाचेही तेवढेच रुपये व्हायचे. दिनार पौंडाइतका धरला, एवढीच गोष्ट. पहिल्या मालिकेवर शेख अब्दुल्ला अल-सालिम अल-सबाह यांचे चित्र आहे. पाच आणि दहा दिनारच्या कोऱ्या नोटांना चांगली मागणी असते.

बहरीनचा दिनार १९६५ चा, दहा रुपयांना एक. पुढच्याच वर्षी, ६ जून १९६६ ला, भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला आणि आखातातल्या लोकांच्या खिशातले रुपये एका दिवसात हलके झाले. अबुधाबीने बहरीनचा दिनार घेतला. कतार आणि दुबईने काही काळ सौदी रियालवर भागवले आणि १९६६ च्या सप्टेंबरात दोघांचा मिळून एक रियाल काढला. होडी, तेलविहीर आणि खजूर असे चित्र असलेल्या या कतार-दुबईच्या नोटा जमवणाऱ्यांच्या फार आवडीच्या. १९७३ ला अमिरातींचा दिरहम आला, कतारने स्वतःचा वेगळा रियाल काढला आणि ही भागीदारी संपली. एक रियालची नोट अधूनमधून भेटते. पंचवीस आणि पन्नासची हाती आली तर विकण्याची घाई करू नका. अमिरातींच्या पहिल्या मालिकेत हजार दिरहमची नोट १९७६ मध्ये आली, तीही अशीच मोलाची.

ओमानने रुपया सर्वांत शेवटी सोडला, १९७० च्या मे महिन्यात. पहिल्या नोटांवर ‘मस्कत आणि ओमान’ असे राज्याचे नाव आणि ‘सईदी रियाल’ असे चलनाचे नाव आहे. जुलैत सुलतान काबूस गादीवर आले, देशाचे नाव नुसते ओमान झाले आणि नोटेवरचे नाव तीन महिन्यांत जुने पडले. पुढे चलनाचे नावही ‘ओमानी रियाल’ झाले. म्हणून सईदी रियालची नोट वेगळी काढून ठेवा.

ज्यांच्यावर आशा लावू नये अशा नोटा

सद्दाम हुसेन यांचे चित्र असलेले इराकी दिनार. गठ्ठेच्या गठ्ठे येतात. निर्बंधांच्या काळात ते बेसुमार छापले गेले आणि २००३ च्या ऑक्टोबर ते २००४ च्या जानेवारीत नव्या नोटांनी बदलले गेले. आठवण म्हणून ठेवायला ठीक.

कुवेतच्या १९९० च्या आधीच्या नोटांबाबत लोकांची सर्वांत जास्त निराशा होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजांनी कुवेतच्या मध्यवर्ती बँकेतल्या नोटा लुटून नेल्या. मुक्ततेनंतर मार्च १९९१ मध्ये कुवेतने नवी मालिका काढून आधीची मालिकाच रद्द केली. लुटलेल्या क्रमांकांच्या कोऱ्या नोटा मग जगभर स्वस्तात पसरल्या. म्हणजे कोरी नोट जास्त मोलाची हा नियम इथे उलटा लागतो. वीस दिनारची कडक, कोरी नोट दाखवली की आम्ही आधी क्रमांकाची अक्षरे लुटलेल्या नोटांच्या यादीशी ताडून पाहतो. ‘दिनार एवढा महाग, मग वीसचे किती झाले?’ या प्रश्नाचे उत्तर देताना आमचाच जीव कासावीस होतो.

साल कसे वाचावे

नोटेवरचे साल बहुतेक वेळा छपाईचे नसते. बहरीनच्या पहिल्या नोटेवर १९६४ आहे, ते चलनाच्या कायद्याचे साल. नोट बाहेर आली १९६५ ला. कुवेतच्या पहिल्या नोटेवरचे १९६० तसेच. सौदी नोटेवरचे १३७९ हे हिजरी साल. ‘सातशे वर्षांपूर्वीची नोट आहे’ असा फोन आम्हाला खरोखर आला आहे. अरबी अंकांतही गंमत आहे. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यामुळे पाच दिनारची नोट लोक ‘शून्याची चुकीची छपाई’ म्हणून आणतात.

भाव ठरतो तो अवस्थेवर

नोट कोणती हे कळले की पुढचा सगळा खेळ कागदाचा. एकदाही न वापरलेली, घडी नसलेली नोट आणि तीच नोट चार वेळा दुमडलेली, यांच्या भावात दुप्पट-तिप्पट नव्हे, कधी दहापटीचा फरक पडतो. आम्ही नोट दिव्यासमोर तिरपी धरतो. मधली घडी, कोपऱ्याचा मोड, टाचणीची भोके, कडेची चीर आणि पेनाने लिहिलेली बेरीज, सगळे त्या उजेडात दिसते. एक सवलत मात्र भारतीय नोटांना मिळते. आपल्याकडे बँका नोटांच्या गड्ड्या तारेच्या पिनने टाचायच्या, ती पद्धत रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये बंद करायला सांगितली. त्यामुळे आखाती रुपयाला डावीकडे पिनची दोन भोके असतील तर जमवणारे नाक मुरडत नाहीत.

धुतलेली नोट लगेच कळते. कागदाची करकर जाते, रंग फिके पडतात, शाईचा उठाव बोटाला जाणवत नाही. इस्त्रीने घडी दडते, जात नाही. नकली नोट भिंगाखाली पाहिली तर रेषांच्या जागी रंगीत ठिपके दिसतात. अतिनील (यूव्ही) दिव्याखाली साधा आधुनिक कागद पांढरा चमकतो, जुना नोटेचा कागद मंद राहतो. जलचिन्ह प्रकाशात धरून पाहावे ते आहेच.

फार मोलाची नोट असेल तर पीएमजीसारख्या संस्थेकडून ७० गुणांच्या मापावर तिची प्रत ठरवून सीलबंद करून घेता येते. खरेदीदाराला भरवसा वाटतो आणि भावही बरा मिळतो. पण साध्या नोटेला त्याचा खर्च नोटेच्या किमतीपेक्षा जास्त होतो, म्हणून आम्ही होऊन कुणाला हे सुचवत नाही.

ठेवायचे कसे? कोकणातला पावसाळा नोटेचा वैरी. साध्या मऊ प्लॅस्टिकच्या अल्बमला काही वर्षांनी चिकटपणा सुटतो आणि शाई त्याला चिकटते. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे घ्या, आम्ही ती विकत नाही, पण कुठे मिळतात ते सांगू. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नाही. लॅमिनेट केलेली आखाती दहाची नोट आमच्याकडे आली आहे. ती आम्ही विकत घेतली नाही.

आमच्याकडे काय होते

नोट ओळखून देण्याचे आम्ही काही घेत नाही. विकायची असेल तर तुमच्यासमोर अलीकडच्या लिलावांतले भाव दाखवतो, मगच आमचा भाव सांगतो. तो लिलावापेक्षा कमी असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. आम्हाला ती नोट ठेवायची, पुढे विकायची असते. महाग नोट असेल तर ‘आम्हाला देऊ नका, लिलावात टाका’ असेही आम्ही सांगतो आणि त्या कामाचे ठरलेले कमिशन आधी कागदावर लिहून देतो. फोनवरच्या फोटोवरून अंदाज मिळेल, भाव नाही. घरात दोघा-तिघांचा हक्क असेल तर सगळ्यांशी बोलूनच या. आजोबांच्या पेटीवरून भाऊ-भाऊ आमच्या काउंटरवर भांडलेले आम्हाला नको आहेत.

येताना नोट खिशातल्या पाकिटात दुमडून आणू नका. जुन्या वहीत, दोन पुठ्ठ्यांच्या मधोमध सपाट ठेवून आणा.