लाल पार्श्वभूमी म्हणजे संताप नव्हे

अमेरिकन बेसबॉलपटू टाय कॉबच्या जुन्या बेसबॉल कार्डावरचा (खेळाडूचं चित्र असलेल्या छोट्या संग्राह्य कार्डावरचा) भडक लाल रंग म्हणजे त्याच्या तापट स्वभावाचं प्रतीक, असं हौशी संग्राहक छातीठोकपणे सांगतात. विक्रेत्यांना तर असा अर्थ हवाच असतो. पण अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या याच कार्डमालिकेत (संग्राहक तिला टी-२०६ म्हणतात) कॉब हिरव्या पार्श्वभूमीवरही आहे. दुसरा खेळाडू हॅल चेस निळ्यावर आहे तसा गुलाबीवर, आणि तिसरा, फ्रँक चान्स, लालवर आहे तसा पिवळ्यावर. स्वभाव काय रंगागणिक बदलत होता?

ही कार्डं शिळाछापाची. चुनखडीचा दगड घासून सपाट करायचा आणि त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने उलटं चित्र काढायचं. त्यातली मेदाम्लं दगडातल्या कॅल्शियमशी जुळून पाण्यात न विरघळणारा साबण होतो, तो दगडाला चिकटून राहतो. मग डिंकाच्या पाण्यात थेंबभर नायट्रिक आम्ल घालून फासायचं. मोकळ्या जागी डिंकाचा थर बसतो आणि पाणी धरतो. दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर चढते. आम्ल कमी पडलं तर मोकळी जागाही काळवंडते. जास्त झालं तर बारीक ठिपके खाल्ले जातात, आणि पहिली जाते ती गालावरची कोवळी छटा.

प्रत्येक रंगाला वेगळा दगड. त्यामुळे चेहऱ्याला हात न लावता मागचा रंग बदलता येतो. दमट हवेत कागद ताणला गेला की रंग नेमके बसत नाहीत, ओठांची लाली हनुवटीकडे सरकते. काही कार्डांवर लाल रंग छापायचाच राहून गेला आहे. मुंबईत १८९४ साली सुरू झालेल्या रविवर्म्यांच्या छापखान्यातून देवदेवतांची चित्रं घरोघरी गेली, तीही याच तंत्राने.

प्रतीक शोधायचंच तर छातीवर शोधावं. छायाचित्रकार कार्ल हॉर्नरच्या बॉस्टनमधल्या स्टुडिओतल्या फोटोवरून केलेल्या याच मालिकेतल्या होनस वॅगनर या खेळाडूच्या चित्रात बॅट नाही, चेंडू नाही. आहे ते सदऱ्यावर त्याच्या संघाच्या गावाचं, पिट्सबर्गचं, नाव. त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा एच त्यात नाही, कारण गावांची नावं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी मंडळाने तो १८९१ साली काढला होता आणि १९११ साली परत दिला.

खरं कार्ड ओळखायला दहापट भिंग पुरे. चित्राखालचं खेळाडूचं तपकिरी नाव भरीव शाईचं दिसायला हवं. अक्षरंच रंगीत ठिपक्यांच्या जाळीची असतील, तर ती आधुनिक नक्कल.