पॉकेट होलची पार्श्वभूमी: फळी यंत्राकडे न्यायची की यंत्र फळीकडे?

अमेरिकेतल्या क्रेग टूल कंपनीने अलीकडे 'रेबेल' नावाचं बॅटरीवर चालणारं एक हत्यार बाजारात आणलं. त्याचं काम एकच: फळीच्या टोकाजवळ तिरकं भोक पाडणं. या भोकाला सुतारकामात पॉकेट होल म्हणतात. भोकाचा वरचा भाग रुंद असतो, खालचा अरुंद, आणि मधल्या पायरीवर स्क्रूचं डोकं टेकतं. स्क्रू पहिल्या फळीच्या टोकातून बाहेर पडतो, दुसऱ्या फळीत शिरतो आणि दोघींना एकमेकींवर आवळून धरतो. हेच काम साधं ड्रिल आणि स्वस्तातला एक जिग (ड्रिलला ठरलेल्या कोनात धरून ठेवणारा साचा) वापरून कितीतरी वर्षं चाललेलं आहे. मग त्यासाठी स्वतंत्र मोटर, स्वतंत्र बॅटरी असलेलं हत्यार काढावंसं कुणाला का वाटलं? त्याचं उत्तर भोकापेक्षा स्क्रूच्या आणि क्लॅम्पच्या, म्हणजे फळ्या दाबून धरणाऱ्या शिकंज्याच्या, इतिहासात जास्त सापडतं.

पॉकेट होलबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की हा सांधा प्राचीन इजिप्तपासूनचा आहे. मला ही गोष्ट ताणलेली वाटते. इजिप्तच्या सुतारांना कुसू आणि खाच (एका फळीचं कोरलेलं टोक दुसरीच्या खाचेत बसवणं), लाकडी खुंट्या, चामड्याच्या वाद्यांनी बांधणं हे सगळं उत्तम येत होतं. पण तिरकी खुंटी ठोकणं वेगळं आणि स्क्रूने ओढून घेणं वेगळं. खुंटी सांधा जागेवर ठेवते, तो आवळत नाही. पॉकेट होलची सगळी करामत त्या आवळण्यात आहे.

खरा पूर्वज शोधायचा तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं युरोपीय टेबल उलटं करून पाहावं. टेबलाच्या वरच्या पाटाखाली चारही बाजूंनी उभ्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांच्या आतल्या अंगाला गोल पटाशीने कोरलेले छोटे तिरके कोनाडे दिसतात, आणि त्या प्रत्येकातून एकेक स्क्रू वर पाटात गेलेला असतो. बाहेरून काहीच दिसत नाही. कोनाडा ओबडधोबड असला तरी चालायचा, कारण टेबलाखाली वाकून बघतं कोण? आज यंत्राने काढलेलं गुळगुळीत पॉकेट होल याच कोनाड्याची सुधारलेली आवृत्ती आहे.

पण त्या काळातला स्क्रू आजच्यासारखा नव्हता. इंग्लंडमध्ये १७६० मध्ये जॉब आणि विल्यम वायट या भावांनी लाकडाचे स्क्रू यंत्रावर बनवण्याचं पेटंट घेतलं, तोवर प्रत्येक स्क्रूचे आटे कानशीने घासून पाडावे लागत. त्यानंतरही बराच काळ स्क्रूचं टोक बोथटच राहिलं. आधी गिरमिटाने भोक पाडल्याशिवाय तो लाकडात शिरतच नसे. १८४६ मध्ये अमेरिकेत थॉमस स्लोन यांनी टोकदार स्क्रूचं पेटंट घेतलं. असे स्क्रू बनवणाऱ्या अमेरिकी यंत्रांचे हक्क १८५४ मध्ये जॉन नेटलफोल्ड आणि त्यांचे मेव्हणे जोसेफ चेंबरलेन यांनी ब्रिटनसाठी विकत घेतले आणि बर्मिंगहॅमजवळ कारखाना काढला. त्या चेंबरलेनांचा मुलगाही जोसेफच. अठराव्या वर्षी तो या धंद्यात आला आणि पुढे ब्रिटनच्या राजकारणात मोठं नाव झाला. नेटलफोल्ड हे नाव आपल्याकडेही अपरिचित नाही. गेस्ट कीन विल्यम्स कंपनीचे नेटलफोल्ड छापाचे स्क्रू भारतातल्या हार्डवेअरच्या दुकानांत अनेक दशकं विकले गेले.

टोकदार स्क्रूला इतकं महत्त्व द्यायचं कारण असं, की पॉकेट होलच्या सांध्यात दुसऱ्या फळीत आधी भोक पाडलेलं नसतं. स्क्रूने तिथे स्वतःच वाट काढायची असते. आजच्या पॉकेट स्क्रूच्या टोकाला एक बारीक कापलेली खाच असते, ती लाकूड खरवडत पुढे सरकते. त्यामुळे फळीला तडा जाण्याची भीती कमी होते.

दुसरी अडचण डोक्याची. जुन्या स्क्रूच्या डोक्यावर एकच आडवी चीर असायची. खोल कोनाड्यात, तिरप्या दिशेने, लांब पेचकसाने असा स्क्रू पिळताना पाते हमखास घसरतं. कॅनडात पी. एल. रॉबर्टसन यांनी चौकोनी खळगा असलेल्या डोक्याचं पेटंट १९०९ मध्ये मिळवलं. स्क्रू पिळायचं दाखवताना पेचकस घसरून त्यांचा हात कापला आणि त्यातून ही कल्पना सुचली, असं सांगतात. चौकोनी बिटाच्या (पेचकसाच्या पात्याच्या) टोकावर स्क्रू आडवा धरला तरी पडत नाही आणि जोर लावला तरी बिट सहसा उसळून बाहेर येत नाही. आपल्याला सवय आहे ती १९३० च्या दशकातल्या फिलिप्स खाचेची, म्हणजे स्टार स्क्रूची. तो मोटारींच्या कारखान्यांतून जगभर पसरला. पण जोर वाढला की त्याचं बिट वर उसळतं. म्हणून क्रेगसारख्या कंपन्यांचे पॉकेट स्क्रू आजही चौकोनी खळग्याचेच असतात.

आता अमेरिकी स्वयंपाकघराकडे यावं लागेल, कारण या सांध्याला खरी मागणी तिथून आली. तिथल्या पारंपरिक कपाटांच्या दर्शनी बाजूला भरीव लाकडाची एक चौकट असते, फेस फ्रेम. साधारण पाऊण इंच जाड, दीड-दोन इंच रुंद पट्ट्यांची. तिच्या प्रत्येक कोपऱ्यात पट्टीचं टोक दुसऱ्या पट्टीच्या कडेला मिळतं. पूर्वी इथे कुसू आणि खाच करत किंवा डॉवेल, म्हणजे गोल लाकडी खुंटी, घालत. दोन्हींत गोंद वाळेपर्यंत चौकट क्लॅम्पमध्ये अडकून पडते. दिवसाला शेकडो चौकटी बनवणाऱ्या कारखान्याला तेवढे क्लॅम्प आणि तेवढी जागा कुठून आणायची? तिरक्या स्क्रूने हा प्रश्न सोडवला. स्क्रू हाच क्लॅम्प झाला. गोंद आत वाळत राहतो, चौकट पुढच्या टेबलावर निघून जाते.

कॅलिफोर्नियातल्या रिटर आणि कॅसल या कंपन्यांनी या कामासाठी मोठी यंत्रं बनवली. फळी यंत्रावर ठेवायची, ती हवेच्या दाबाने धरली जाते, पाते खालून येऊन खिसा कापतं. कॅसलच्या यंत्रांचा कोन फक्त ६ अंशांचा असतो. ड्रिलवर चालणारे जिग मात्र साधारण १५ अंशांचे. कोनातला हा फरक क्षुल्लक नाही. स्क्रू तिरका असला की त्याच्या ओढीचा काही भाग फळीला आवळण्याऐवजी बाजूला सरकवण्यात खर्च होतो. १५ अंशांना तो पाव हिस्सा पडतो, ६ अंशांना जेमतेम दहावा. जिगने केलेला सांधा आवळताना पट्टी केसभर वर सरकते, ती याच कारणाने. त्यावर उपाय एकच: दोन्ही पट्ट्या पृष्ठभागावर समपातळीत धरून क्लॅम्पने दाबायच्या आणि मग स्क्रू पिळायचा. मग १५ अंश का ठेवले? ६ अंशांचा खिसा लांब होतो आणि तो नुसत्या ड्रिलने नीट निघत नाही, त्याला राउटरचं, म्हणजे वेगाने फिरून लाकूड कोरणाऱ्या यंत्राचं, पातं लागतं. घरगुती ड्रिलसाठी १५ हा सोयीचा तह होता.

तो तह लोकप्रिय केला आयोवा राज्यातल्या क्रेग सोमरफेल्ड यांनी. ते साचे आणि हत्यारं घडवणारे कारागीर होते, सुतार नव्हते. १९८६ मध्ये स्वतःच्या घराची कपाटं बनवताना फेस फ्रेम जोडायला सोपा मार्ग हवा होता, म्हणून त्यांनी धातूचा जिग घडवला. त्यात कोन पक्का केलेली नळी, त्या नळीतून जाणारं, भोक पाडणारं पायरीचं बिट आणि बिटावर खोली ठरवणारी कॉलर. बस्स, एवढंच. कारखान्याच्या यंत्रातली अचूकता, कारागिराच्या हातावर न सोडता, त्यांनी एका नळीत बसवली. पुढे प्लॅस्टिकचे, हलके, स्वस्त जिग आले आणि शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये फर्निचर करणाऱ्या अमेरिकी हौशी मंडळींनी ते उचलून धरले. इंटरनेटवर फुकट आराखडे मिळू लागल्यावर तर नवशिक्याचं पहिलं बाक, पहिलं शेल्फ पॉकेट होलनेच होऊ लागलं.

मात्र जिगचा स्वभाव यंत्रासारखाच राहिला. मेजावर घट्ट बसवलेला जिग असेल तर फळी उचलून त्याच्याकडे न्यावी लागते. दोन फुटांच्या पट्टीला हे ठीक. आठ बाय चार फुटांची १८ मिमी प्लायची शीट कोण उभी करून जिगमध्ये धरणार? सुटा जिग फळीवर लावता येतो, पण दर भोकाला क्लॅम्प सोडा, सरकवा, पुन्हा आवळा.

यंत्र फळीकडे नेण्याची कल्पना दुसऱ्याच सांध्याच्या बाबतीत आधी सुचली होती. स्वित्झर्लंडच्या हर्मन स्टायनर यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात फळ्या जोडायला बीच लाकडाच्या दाबलेल्या चपट्या चकत्या काढल्या, लॅमेलो नावाने. त्यांच्यासाठी खाच पाडणारं हातातलं यंत्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलं. जर्मनीच्या फेस्टूलने २००० च्या दशकात 'डोमिनो' काढलं, ते लांबट खाच पाडतं आणि त्यात सुटी कुसू बसते. दोन्ही यंत्रं सुंदर सांधे देतात, पण दोन्हींना गोंद आणि क्लॅम्प चुकत नाही. पॉकेट होलसाठीही पोर्टर-केबल कंपनीचं तारेवर चालणारं पॉकेट कटर होतं. ते वर्कशॉपपुरतंच राहिलं.

मधल्या काळात बॅटरी तयार होत होती. ब्लॅक अँड डेकरने पहिलं कॉर्डलेस ड्रिल १९६१ मध्ये आणलं. ते चंद्रमोहिमेसाठी शोधलं गेलं, ही दंतकथा आहे. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ड्रिल वापरलं ते त्यानंतर दहा वर्षांनी. ती पहिली निकेल-कॅडमियम बॅटरी अशक्त होती, हलक्या कामापुरतीच. २००५ मध्ये मिलवॉकीने लिथियम-आयनवर चालणारी हत्यारं आणली आणि चित्र बदललं. आज डब्यावर कुठे १८ तर कुठे २० व्होल्ट छापलेलं असतं. दोन्हींत त्याच पाच सेल असतात: प्रत्येकी ३.६ धरले तर १८, पूर्ण चार्ज झाल्यावरचे साधारण ४ धरले तर २०. अमेरिकेत मोठा आकडा खपतो, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे टोकदार स्क्रू, चौकोनी खळगा, ठरलेला कोन आणि दमदार बॅटरी हे चारही धागे रेबेलसारख्या हातातल्या कॉर्डलेस पॉकेट होल यंत्रात एकत्र आले. काम करण्याची रीत सोपी आहे. फळीची जाडी यंत्रावर लावायची, यंत्र फळीवर टेकवून घट्ट धरायचं, भोक पाडायचं, पुढे सरकायचं. बिट थेट मोटरला जोडलेलं असल्याने जिगमध्ये ड्रिल वेडंवाकडं धरण्याची चूक होत नाही. स्क्रूची निवड मात्र माणसालाच करावी लागते. १८-१९ मिमी जाडीला सव्वा इंची, म्हणजे साधारण ३२ मिमीचा स्क्रू. प्लाय आणि मऊ लाकडाला मोठ्या आट्याचा, सागवानापेक्षा कठीण लाकडाला बारीक आट्याचा. लांब स्क्रू घातला तर तो पलीकडून डोकावतो, आणि ते लपवायला कुठलीच पुट्टी पुरत नाही.

जुने कारागीर या सांध्याला सांधाच मानत नाहीत, आणि त्यांचा राग अगदीच अस्थानी नाही. मला मात्र त्यांचा आक्षेप ताकदीवर घेतलेला पटत नाही. कपाटाच्या चौकटीला हा सांधा पुरून उरतो. खरी चूक दुसरीकडे होते. भरीव लाकूड पावसाळ्यात रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. कोकणात दारं अडकतात ती यामुळेच. एकोणिसाव्या शतकातले सुतार टेबलाच्या पाटासाठी कोनाड्यातलं भोक मुद्दाम सैल ठेवायचे, म्हणजे पाटाला हलायला जागा राहायची. आजचा हौशी माणूस रुंद पाटाच्या टोकाला आडवी पट्टी पॉकेट स्क्रूंनी करकचून आवळतो. एक-दोन पावसाळ्यांत पाट उभा तडकतो.

आपल्याकडे हा सांधा फारसा का रुजला नाही, याचं उत्तर लॅमिनेटमध्ये आहे. आपला सुतार गिऱ्हाईकाच्या घरी येऊन प्लायचा सांगाडा उभा करतो. बाहेरून सरळ स्क्रू मारतो, डोकी आत बसवतो आणि वरून फेविकॉलने सनमाइका चिकटवतो. स्क्रू लपवायला तिरकं भोक हवंच कशाला? फॅक्टरीतून येणाऱ्या मॉड्युलर किचनमध्ये फेस फ्रेम नसते, ते मिनीफिक्स (फिरवून आवळायचं धातूचं फिटिंग) आणि डॉवेलवर जुळतं. हा सांधा उपयोगी पडेल असे उरतात ते दोन प्रकार. एक, आधीच लॅमिनेट चढवलेला प्लाय, ज्याच्या बाहेरच्या तोंडावर स्क्रू दिसून चालत नाही. दुसरा, सागवान किंवा पाइनचं उघडं लाकूड ठेवून काम करणारी शहरी हौशी मंडळी. पुण्या-मुंबईत अशांची संख्या वाढते आहे.

या मंडळींपुढचा पेच यंत्राचा कमी आणि स्क्रूचा जास्त आहे. जिग ऑनलाइन सहज मिळतो, चौकोनी खळग्याचा रुंद डोक्याचा स्क्रू कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. तिथे मिळतात ते जिप्समचे काळे स्क्रू. त्यांचं डोकं निमुळतं असतं, पायरीवर टेकण्याऐवजी पाचरीसारखं आत घुसतं आणि पातळ लाकूड फोडतं. काही जण सपाट डोक्याचे चिपबोर्ड स्क्रू शोधून भागवतात. वर्षातून चार शेल्फ करणाऱ्याने बॅटरीचं महागडं यंत्र घेऊ नये, साधा जिग आणि दोन क्लॅम्प त्याला पुष्कळ होतात. साइटवर उभ्या केलेल्या सांगाड्यात दिवसभर भोकं पाडायची असतील, आणि योग्य स्क्रूंचा डबा आधीच घरात येऊन पडला असेल, तर यंत्राचा विचार करायला हरकत नाही.