पोटगी किती काळ? तहहयात, पुनर्विवाहापर्यंत की इद्दतीपुरती

घटस्फोटानंतर पोटगी अमुक इतकी वर्षे द्यावी, असा आकडा भारतातल्या विवाहविषयक कायद्यांत शोधून सापडत नाही. ख्रिश्चनांसाठीच्या 1869च्या घटस्फोट कायद्याने वार्षिक रकमेला फक्त वरची मर्यादा घातली: पत्नीच्या हयातीपर्यंत, त्यापुढे नाही. 1955च्या हिंदू विवाह कायद्यातले कलम 25 त्याच वळणाचे आहे. फरक एवढाच की तिथे पतीही अर्ज करू शकतो. पुनर्विवाह झाल्यास आदेश रद्द करणे न्यायालयाला मुळात भागच होते. 1976च्या दुरुस्तीनंतर तो बदलायचा, कमी करायचा की रद्द करायचा, हे न्यायालय ठरवते.

फौजदारी कायद्याची वाट निराळी होती. 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम 488 फक्त पत्नीसाठी होते. घटस्फोट झाला की ती पत्नी उरत नसे आणि पोटगीही बंद होई. त्यामुळे पोटगीचा अर्ज आला की तलाक देऊन मोकळे व्हायचे, ही सोय नवऱ्यांना आयतीच मिळाली होती. 1973च्या संहितेने कलम 125मध्ये पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेलाही 'पत्नी' धरून ही पळवाट बुजवली. पण त्याच संहितेत कलम 127 असे आले की व्यक्तिगत (म्हणजे धर्मानुसार लागू होणाऱ्या) कायद्यानुसार घटस्फोटावेळी देय असलेली सगळी रक्कम मिळाली असेल तर आदेश रद्द होऊ शकतो. पुढचा सारा वाद या जागेवर पेटला.

इंदूरच्या एका वकिलाने 43 वर्षांच्या संसारानंतर पत्नीला घराबाहेर काढले. तिने पोटगी मागितली, त्यानंतर त्याने तलाक दिला आणि मेहेर (लग्नात पत्नीला कबूल केलेली रक्कम) व इद्दतीचा (घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षाकाळाचा) खर्च दिला की आपली जबाबदारी संपली, असा पवित्रा घेतला. खालच्या न्यायालयाने मंजूर केले महिना 25 रुपये. वरच्या न्यायालयाने ते 179 रुपये 20 पैसे केले. एवढ्याशा रकमेसाठी तो दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेला आणि 1985मध्ये हरला: घटस्फोटिता स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर जबाबदारी इद्दतीनंतरही राहते.

राजकीय गदारोळानंतर मुस्लिम घटस्फोटितांसाठी 1986चा कायदा आला. माजी पतीने 'वाजवी आणि न्याय्य तरतूद व निर्वाहखर्च' इद्दतीच्या मुदतीत द्यावा, असे त्यात लिहिले होते. इद्दत म्हणजे साधारण तीन महिने, गरोदर असल्यास बाळंतपणापर्यंत. निकाल पुसला गेला, असेच बहुतेकांनी धरले. कायदा करणाऱ्यांचाही हेतू बहुधा तोच असावा. पण 2001मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने कायदा वैध ठरवताना कलमाची मांडणी नीट उलगडली. तीन महिने ही रक्कम देण्याची मुदत आहे, ती पुरण्याची नव्हे. पतीने या काळात तिच्या पुढच्या आयुष्याची सोय करायची आहे. पुनर्विवाह न केलेल्या स्त्रीसाठी ती इद्दतीपुरती नाही. कायदा तसाच राहिला, पण ज्यासाठी तो केला तेच त्यातून निघून गेले. हा अर्थ ओढूनताणून लावला, अशी टीका झाली. दुसरा अर्थ लावला असता तर समान वागणुकीच्या हमीवर कायदा टिकला नसता, हे मात्र टीकाकार सहसा सांगत नाहीत. 2024च्या जुलैत आणखी एका निकालाने स्पष्ट केले की मुस्लिम घटस्फोटितेला 1986च्या कायद्याबरोबर कलम 125चाही मार्ग खुला आहे. ते कलम आता नव्या संहितेत 144व्या क्रमांकावर आहे.

अलीकडे प्रश्न उलट बाजूने येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020च्या मार्गदर्शक निकालात म्हटले गेले की अल्पकाळ टिकलेल्या लग्नासाठी जन्मभर पोटगी लादणे अन्याय्य ठरू शकते. लग्न किती वर्षे टिकले, तेही पाहावे. किती वर्षांच्या लग्नाला किती वर्षांची पोटगी, हे कोष्टक मात्र तिथेही नाही. परिस्थिती बदलली म्हणून मासिक पोटगी वाढवून किंवा कमी करून मागता येते. त्या फेऱ्या नकोत म्हणून परस्पर संमतीच्या घटस्फोटात वकील आधी एकरकमी आकड्यावरच बोलणी सुरू करतात.